सरपंचकी कशी जिंकायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मला दोनच प्रश्न विचारले जातात. निवडणुकीआधी, "जिंकायचं कसं?" आणि निवडणुकीनंतर, "एवढं काम केलं, तरी आमचा माणूस पडला कसा?" पहिला विचारणारे अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात उगवतात, दुसरा विचारणारे दुसऱ्या पॅनेलचा गुलाल पाहून झाल्यावर. मधली साडेचार वर्षं कोणी फिरकत नाही. मी उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्यात भाषण नसतं, बॅनर नसतो, "वरून" कोणाचा फोन नसतो. तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

"शेवटी पैसाच ना?" हे तुम्ही लगेच म्हणणार. पैसा चालत नाही असं मी म्हणणार नाही, तेवढा भोळा मी नाही आणि तुम्हीही नाही. पण दोन्हीकडून आलेला पैसा घरात जाऊन एकमेकाला खातो, आणि तीनशे-चारशे मतदारांच्या प्रभागात निकाल लागतो तो पाच-सात मतांनी. समान मतं पडून चिठ्ठीवर निकाल गेलेले प्रभाग तुम्हाला ठाऊक आहेतच. ती पाच मतं पाकिटाने हलली, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून पटलेला नाही. यादीत नसल्यामुळे न पडलेली पाच मतं मात्र नावानिशी दाखवता येतात.

म्हणून आधी यादी. ग्रामपंचायतीची वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी फोडून प्रभागवार लावतात. प्रारूप यादी लागली की हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत नवीन नाव घालता येत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलेलं नाव, लेखनिकाची चूक, एवढंच दुरुस्त होतं. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना 8, आणि हे सगळं निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी. 2022 पासून 18 वर्षं पूर्ण धरण्याच्या तारखा वर्षाला चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. तरी बारावी झालेली पोरं यादीबाहेर राहतात, कारण त्यांच्या घरी जाऊन अर्ज भरून घेणं हे कोणाला "प्रचार" वाटतच नाही.

आपल्याकडे कोकणात आणखी एक घोळ. प्रभागाची हद्द व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, किंवा पाणंदीवरून धरलेली असते आणि वाडी त्या व्हाळाच्या दोन्ही अंगांना पसरलेली असते. अर्धी वाडी शेजारच्या प्रभागात जाते, आणि ते कळतं मतदानाच्या सकाळी. प्रारूप यादी आली की ती संगणकावर नुसती चाळू नका. छापा, वाडीवार फाडा, आणि त्या त्या वाडीतल्या बाईला सोबत बसवा. पुरुषाला घर माहीत असतं. सून कुठली, तिचं नाव माहेरच्या यादीत राहिलंय का, कोणती लेक लग्न होऊन गेली, हे बाईला माहीत असतं.

प्रत्येक नावापुढे पेन्सिलने खूण करा: गावात, मुंबईत, मयत, लग्न होऊन गेली. मग आपला, त्यांचा, माहीत नाही. पहिल्या फेरीनंतर "माहीत नाही" हा गठ्ठा सगळ्यांत मोठा असायला हवा. ज्या कार्यकर्त्याच्या कागदावर तो रिकामा आहे, तो घरी बसून खुणा करतोय. आणि ओटीवर बसवून चहा देऊन "आमची मतां तुकाच, तू काय्येक काळजी करू नको" म्हणणारं घर "माहीत नाही"मध्येच टाका. जे घर तासभर गटारावरून भांडलं, ते आपलं होण्याची शक्यता जास्त. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्याशी कोणी भांडत बसत नाही.

मुंबईकरांची नावं नमुना 7 भरून उडवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. एकाच माणसाचं दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गप्प आहेत. पण अर्ज करणाऱ्याचं नाव लपत नाही, आणि त्या चाकरमान्याची म्हातारी आई गावातच असते. एक नाव उडवून तुम्ही तिच्या घरातली सगळी मतं गमावता. पूर्वी मी बिनदिक्कत सांगायचो, यादी साफ झालीच पाहिजे. तत्त्व म्हणून आजही तेच म्हणेन. तुम्ही जिंकण्याचं विचारता तेव्हा मात्र माझी जीभ अडते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण ते तहसीलमध्येही कळतं. 12 सप्टेंबर 2001 नंतरचं तिसरं अपत्य नको, घरी शौचालय हवं, राखीव जागेसाठी जातपडताळणी हवी, 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पास हवं, हे तुम्हाला पाठ आहे. अडकता तुम्ही थकलेल्या घरपट्टीत. घर आजोबांच्या नावावर, राहणारे भाऊ तिघे, आणि बिल भरायचं कोणी यावर तीन वर्षं अबोला. अर्ज भरण्याआधी अख्ख्या घराची पट्टी भरून पावती ताब्यात घ्या. भावाची वाट पाहू नका. दुसरी अडचण पुढे आलेल्या पडवीची. सरकारी जागेवरचं अतिक्रमण सदस्यत्व घालवू शकतं, आणि निवडून आल्यावर पहिली तक्रार शेजारीच करतो. आपल्या पॅनेलचा पर्यायी अर्ज भरलेला असू द्या, छाननीनंतर मागे घेता येतो.

खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा असतो. जिंकलेला देतो. हरलेला रागाने घरी बसतो आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरण्याची वेळ ओढवून घेतो. खर्च शून्य असला तरी शून्याचाही हिशेब द्यावा लागतो. 2017 मध्ये ठरलेली मर्यादा 7 ते 9 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला 25 हजार आणि थेट सरपंचाला 50 हजार अशी होती. तुमच्या वेळचा आकडा अर्ज भरतानाच विचारून घ्या.

प्रचारात एकच गोष्ट शिकवण्यासारखी आहे, ती म्हणजे यंत्र. प्रभागात तीन जागा असतील तर मतदाराला तीन सदस्य आणि एक सरपंच अशी चार बटणं दाबायची असतात. सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी, सर्वसाधारण जागेची पांढरी, नागरिकांच्या मागास प्रवर्गाची फिकट पिवळी, अनुसूचित जातीची फिकट गुलाबी, जमातीची फिकट हिरवी. म्हातारी माणसं निळ्यावर बटण दाबून वळतात आणि तुमचे सदस्य पडतात. त्याच रंगांचे कागद पुठ्ठ्यावर चिकटवून घरोघर न्या, बोट ठेवून दाखवा, शेवटचा आवाज येईपर्यंत हलायचं नाही हे सांगा. दुपारी बारा ते चार कोणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊ नका. आणि रवळनाथासमोर नारळ ठेवून मतदाराकडून शपथ घेऊ नका. देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणं निवडणूक कायद्यात बसत नाही, हा एक भाग. शपथ घ्यायला लावलेला माणूस ती पाळतो, पण तुम्हाला कायमचा तोडतो, हा दुसरा.

आता दुसरा प्रश्न. एवढं काम केलं, तरी पडला कसा?

एका गावचं उदाहरण सांगतो. गाव ओळखायचा प्रयत्न करू नका, अशी पुष्कळ आहेत. वरच्या वाडीला एप्रिलपासून टँकर. नवा सरपंच धडपड्या. जलजीवन मिशनमधून नळपाणी योजना मंजूर करून आणली, माणशी दिवसाला 55 लिटरच्या हिशेबाने. विहीर खाली पऱ्याकाठी (ओढ्याकाठी), टाकी वर सड्याच्या (कातळाच्या माळाच्या) कडेला, म्हणजे पाणी उताराने घरोघर जाईल. आखणी बरोबर होती. टाकीला हवी होती दोन-तीन गुंठे जागा. सड्यावरच्या त्या कातळात काही पिकत नाही, म्हणून जमीनमालकांनी शिमग्यात देवळात सगळ्यांदेखत "घ्या" म्हटलं. गावातल्या भावांनी संमतीपत्रावर सह्या केल्या, मुंबईतल्यांच्याही आणल्या. ठराव झाला, अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, सगळं ओळीने. पाइप आले, वाडीत चर खोदले, घरोघर तोट्या बसल्या. टाकीचा पाया भरला आणि लेखी हरकत आली.

सगळ्यांना वाटलं, मुंबईच्या कुठल्यातरी पुतण्याने खोडा घातला. हरकत होती त्या भावांच्या बहिणीची, त्याच तालुक्यात दिलेली, एसटीने तासाभराच्या अंतरावर. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण संमतीपत्र फिरवताना कोणाला आठवत नाही. तिचं म्हणणं पाण्याविरुद्ध नव्हतंच. भावांनी जमीन परस्पर आपली म्हणून दिली, आज टाकी तर उद्या बाग, एवढीच तिची धास्ती. ती खोटी म्हणता येईल का? मी तिच्या जागी असतो तर मीही सही अडवली असती.

मग भाऊ अडले, आता तिच्या पाया पडणार नाही म्हणून. सरपंच तिच्या घरी गेला, पण भावाला घेऊन गेला, त्यामुळे बोलणं पहिल्या वाक्यालाच फिसकटलं. ठेकेदाराने महिनाभर वाट पाहिली आणि मशीन दुसऱ्या गावी हलवलं. पाऊस लागला. पावसाळ्यात सड्यावर गाडी चढत नाही, म्हणजे काम थेट दिवाळीनंतर. तोवर पाइपची दरवाढ, सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा मान्यता. पुढच्या मे महिन्यात चाकरमानी आले तेव्हा प्रत्येक घरात तोटी होती आणि पाणी टँकरचंच. कोरडी तोटी ही टँकरपेक्षा वाईट. टँकर असताना लोक सरकारला शिव्या देतात, तोटी बसल्यावर सरपंचाला. तो पडला. त्याने पाणंद केली होती, साकव केला होता, शाळेचं छप्पर केलं होतं. वरच्या वाडीने एकजात विरोधात मतदान केलं, आणि त्या बहिणीच्या भावांनीही.

"केवढं काम केलं होतं" असं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण टाकी सोडून केलं होतं.

यात करायला काय हवं होतं, ते कंटाळवाणं आहे. आधी सातबारा काढायचा आणि त्यावरचं प्रत्येक नाव जिवंत आहे का ते पाहायचं. मयत असेल तर वारस नोंद, फेरफार, मग पुढचं. तोंडी शब्दावर किंवा साध्या संमतीपत्रावर न थांबता ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. जे येऊ शकत नाहीत त्यांचं कुलमुखत्यारपत्र. सह्यांचं काम गणपतीत, कारण तेव्हा बहिणीही माहेरी येतात; मे महिन्यात येतात ते बहुतेक भाऊ आणि त्यांची पोरं. बहिणीकडे जाताना तिच्या भावाला न नेता गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला न्यायचं. एवढं करूनही एक सही अडली तर दुसरी जागा शोधायची, गावठाणातली किंवा शासकीय. देवस्थानची जमीन देण्या-घेण्यास मोकळ्या वर्गात बदललेली नसेल तर तिकडे वळू नका, तिथे परवानगीत वर्षं जातात. आणि जागा नावावर झाल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, आमदार कितीही घाई करोत.

खुर्चीवर बसल्यावर बाकी दोनच गोष्टी सांभाळायच्या. पहिली, पैशाचा रंग. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेलाच. त्यातून स्मशानशेड होत नाही. हे ग्रामसभेत आकड्यांसकट बोलून दाखवा, नाहीतर "निधी आला आणि खाल्ला" हे तुमच्या आधी वाडीत पोहोचतं. दुसरी, ग्रामसभेची गणपूर्ती: 15 टक्के मतदार किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून मुद्दाम तहकूब करून ठराव उरकणारे सरपंच आहेत. नियमात बसतं. पण तोच ठराव पुढे तुमच्यावर उलटतो, कारण "आम्हाला विचारलं नाही" म्हणायला अख्खं गाव मोकळं राहतं. थेट सरपंच 2017 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. त्याच्यावर पहिली दोन वर्षं अविश्वास येत नाही, पुढेही तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान लागतं. त्यामुळे खुर्ची पक्की, असं तुम्हाला वाटतं. सदस्य दुसऱ्या पॅनेलचे असतील तर खुर्ची पक्की आणि ठराव एकही नाही, अशी पाच वर्षं निघतात.

एवढं सगळं नीट केलं तर माणूस पडत नाही का? पडतो. मधु दंडवते 1971 पासून राजापूरमधून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते. 1991 मध्ये ते हरले. रेल्वे पूर्ण मार्गावर धावली 1998 मध्ये. रूळ आधी पडले असते तर निकाल बदलला असता, असं म्हणणारे भेटतात. मला तसं ठामपणे म्हणता येत नाही. काम आणि मत यांचा संबंध आहे, पण तो कोणत्या वर्षी फळाला येईल हे काम करणाऱ्याच्या हातात नसतं.

मग वर्षभर आधी आलात तर सुरुवात यादीपासून करायची की सातबाऱ्यापासून? यावर माझं माझ्याशीच पटत नाही. यादी धरली तर तुम्ही निवडून येता आणि टाकीशी अडता. सातबारा धरला तर गणपतीत लोकांच्या जमिनीच्या भानगडीत पडावं लागतं, आणि निवडणुकीआधीच चार घरं दुखावतात. बिनविरोध करा म्हणजे दोन्ही सुटेल, असं देवळातल्या बैठकीत सांगणारे असतात. बिनविरोध आलेल्या सरपंचाने वरच्या वाडीत एकदाही पाऊल टाकलेलं नसतं, कारण मत मागायला जावंच लागलं नाही. टाकीची जागा त्यालाही लागतेच.

सध्या तरी गणपतीआधी आलात तर मी सातबारा काढायला सांगतो, गणपतीनंतर आलात तर यादी.