मॉड्यूल बसवलं एका दुपारी, प्रोग्रॅमिंगने आणले नाकी नऊ: माझा अनुभव

पिकअपचं ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गिअर बदलणारा कॉम्प्युटर), बदलायची वेळ आली तर पार्टची किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: हे प्रोग्रॅम कोण करून देणार? होकार ईमेलवर लेखी घ्या, देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा, आणि मगच गाडीखाली शिरा. बाकी सगळं जमतं. आमचं घोडं पेंड खात राहिलं ते इथेच, आणि डीलरच्या त्या काउंटरची आठवण झाली की अजून माझं डोकं तापतं.

आम्ही ह्युस्टनजवळ राहतो. शनिवार-रविवार फूड ट्रेलर लावतो: वडापाव, मिसळ, सणावाराला पुरणपोळी. ट्रेलर ओढायला पाऊण टनी पिकअप आहे, सहा लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचं ऑटोमॅटिक. वॉरंटी कधीच संपली आहे. ऑगस्टच्या उन्हात आय-१० महामार्गावर, ट्रेलर मागे असताना, गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचा इशारा, मागून हॉर्न. शोल्डरला घेऊन बंद केली, गार होऊ दिली, पुन्हा सुरू केली तर जणू काही झालंच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

एका दुकानाने स्कॅनर लावला, पी०७०० हा बिघाडाचा कोड दाखवला आणि पूर्ण गिअरबॉक्स बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. पी०७०० एकटा काहीच सांगत नाही. टीसीएमला काहीतरी खटकलंय आणि त्याने इंजिनच्या कॉम्प्युटरला दिवा लावायला सांगितलंय, एवढाच त्याचा अर्थ. खरा कोड टीसीएमच्या आत असतो, तो वाचू शकणारा स्कॅनर लागतो. आमच्याकडे गाडी तापली की यू०१०१ येत होता, म्हणजे टीसीएमशी संपर्कच तुटत होता.

त्या वेळी सासरे, आप्पा, आमच्याकडे आले होते. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी कधी उघडला नव्हता, पण एस्टिमेट बघून म्हणाले, "जावईबापू, आत काही झिजलं असतं तर बंद करून चालू केल्यावर इतकी सुरळीत चालली नसती. आधी तेल बघा आणि वायर बघा." तेल लाल, जळका वास नाही. इग्निशन बंद ठेवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तर ६० ओहम, म्हणजे कॅन बसच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या) दोन्ही टोकांचे १२०-१२० ओहमचे रेझिस्टर जागेवर. फ्यूज, पॉवर, अर्थिंग, सगळं ठीक. ट्रान्समिशनच्या बाजूचा मोठा कनेक्टर काढला तर आत पिनांच्या बुडाशी तेलाचा ओलावा. आप्पांनी बोट फिरवून दाखवलं. संशय मॉड्यूलवर पक्का झाला.

आमच्या गाडीत हे मॉड्यूल ट्रान्समिशनच्या पॅनमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्यात, तेलात बुडलेलं असतं. सोलेनॉइड (तेलाचा दाब वळवणारे विजेचे व्हॉल्व्ह), प्रेशर स्विच आणि कॉम्प्युटर सगळं एकाच तुकड्यात. दिवसभर गरम तेलात बसणारं इलेक्ट्रॉनिक्स तापल्यावर दगा देतं, हे पटण्यासारखं आहे. काही गाड्यांत टीसीएम वेगळा, बाहेर असतो, तेव्हा आपला कुठे आहे ते आधी बघा.

बसवण्याचं काम आम्ही दोघांनी एका दुपारी उरकलं. तेल काढलं, पॅन उतरवलं, फिल्टर बदलला, मॉड्यूलखालची फिल्टर प्लेट नवी घातली (जुनी परत वापरायची नसते), कनेक्टरची सील नवी. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, म्हणून इंच-पाउंडचा टॉर्क रेंच लागतोच. अंदाजाने आवळू नका. नव्या मॉड्यूलला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, आणि पुसायला धागे सुटणारा कपडा नको.

नवं मॉड्यूल कोरं येतं. तुमच्या गाडीचं इंजिन कुठलं, ॲक्सलचा रेशो काय, टायर केवढे, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. गाडीच्या व्हीआयएननुसार, म्हणजे १७ अक्षरी ओळख क्रमांकानुसार, कंपनीच्या सर्व्हरवरून सॉफ्टवेअर उतरवून त्यात भरावं लागतं. तोपर्यंत गिअर पडत नाही. म्हणजे गाडी चालवत कुठे नेताही येत नाही.

पार्ट मागवण्याआधी मी डीलरच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला फोन केला होता. "हो, आणा, तासाभराची लेबर लागेल," असं उत्तर मिळालं, म्हणून निर्धास्त होतो. फ्लॅटबेड टो ट्रकवर गाडी नेऊन उतरवली, तर काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, बाहेरून घेतलेला पार्ट आम्ही प्रोग्रॅम करत नाही. पार्ट त्यांच्याच कंपनीचा, सीलबंद खोक्यातला, पार्ट नंबर जुळणारा. बिल दाखवलं. फोनवर कोण बोललं ते विचारलं, तर तशी नोंद नाही. बरंच बोलणं झाल्यावर म्हणाला, आधी आमची डायग्नोसिस फी भरा, मग बघू. भरली. दुसरा इलाज नव्हता, टो ट्रक निघून गेला होता.

मग सुरू झालं वाट बघणं. प्रोग्रॅमिंग करणारा टेक्निशियन एकच, तो रजेवर. तो आला तर त्याच्याकडे वॉरंटीच्या गाड्या आधी. फोन केला की व्हॉइसमेल. प्रत्यक्ष गेलो की "आजच घेतोय." इकडे वीकेंडची मार्केटं बुडत होती, जागेचं भाडं मात्र द्यावंच लागत होतं. गणपती तोंडावर आलेले, मंडळाच्या आरतीनंतरच्या जेवणाची ऑर्डर घेतलेली. बायको रोज विचारायची आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं.

शेवटी त्यांचा फोन आला: मॉड्यूल प्रोग्रॅम होत नाही, ते खराब आहे, आमच्याकडून घ्या, आणि खरं तर गिअरबॉक्सच बदलायला हवा. मी आणि आप्पा तडक गेलो. गाडी मागच्या लॉटमध्ये होती. काचेला लावलेलं सनशेड मी लावलं होतं तसंच, एक कोपरा दुमडलेला. सीटवर कागदी कव्हर नाही, फूटमॅटवर बुटाचा ठसा नाही. आरशाला रिपेअर ऑर्डरचा टॅग लटकत होता आणि त्यावर कामाची एकही नोंद नव्हती. बॉनेटवर धुळीचा अखंड थर, म्हणजे बॅटरीला काही जोडायलासुद्धा कुणी ते उघडलं नव्हतं. आप्पांना इंग्रजी फारसं येत नाही, पण त्यांनी बॉनेटवरून बोट ओढून ॲडव्हायझरसमोर धरलं. मी मॅनेजरला बोलावलं आणि एकच मागितलं: प्रोग्रॅमिंगचा जो प्रयत्न फसला म्हणता, त्याचा प्रिंटआउट द्या. प्रिंटआउट नव्हता. फी परत मिळाली. गाडी पुन्हा फ्लॅटबेडवर चढली.

मला राग कशाचा आला ते सांगतो. नाही म्हणायचं तर फोनवरच म्हणा. मी दुसरी वाट धरली असती. न तपासलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बाद ठरवायचा, हे आजारी माणसाची नाडी न बघता ऑपरेशन सांगण्यासारखं आहे.

आणि दुसरी वाट असते, हे मला त्या काउंटरवर कुणी सांगितलं नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर भरणाऱ्या उपकरणांसाठी जे२५३४ नावाचं एक स्टँडर्ड आहे. त्या प्रकारचं उपकरण, एक लॅपटॉप आणि कंपनीच्या साइटचं थोड्या मुदतीचं सबस्क्रिप्शन असेल तर डीलर नसलेला माणूसही कंपनीचंच सॉफ्टवेअर अधिकृतपणे भरू शकतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, आणि २०१४ मध्ये कार कंपन्यांच्या संघटनांनी सुट्या पार्टवाल्यांच्या संघटनांशी देशभरासाठी करार केला, त्यामागे अशाच तक्रारी होत्या. घरी येऊन हे काम करणारे मोबाइल प्रोग्रॅमर मोठ्या शहरांत असतात. ट्रान्समिशन रिपेअर करणाऱ्या छोट्या दुकानांत विचारा, ती दुकानंही त्यांनाच बोलावतात. मला नंबर तिथेच मिळाला.

तो आला, ड्राइव्हवेमध्ये बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडला (साधा चार्जर नको, त्याच्या चढउतारात मॉड्यूल कायमचं बिघडू शकतं), दिवे, एसी, रेडिओ सगळं बंद करायला लावलं, व्हीआयएन ताडून पाहिला आणि सॉफ्टवेअर भरलं. चहा पिऊन होईपर्यंत झालंसुद्धा. त्याच "खराब" मॉड्यूलमध्ये. ब्रेक दाबून गिअर टाकला आणि गाडीने हलका हिसका दिला तेव्हा आप्पांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की काय सांगू.

प्रोग्रॅमिंगनंतर लगेच ट्रेलर जोडू नका. नव्या मॉड्यूलला तुमच्या गिअरबॉक्समधल्या क्लचेसची ओळख नसते. तेल नीट गरम झाल्यावर स्कॅन टूलने ही ओळख करून देणारी लर्न प्रोसिजर करून घ्या, प्रोग्रॅमरला आधीच सांगून ठेवा म्हणजे त्याच भेटीत होतं. पहिले काही मैल गिअर थोडे धक्के देत बदलले, मग बसले. तेलाची पातळीही गरम असतानाच बघायची, आणि तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच.

मंडळाची ऑर्डर वेळेवर पोचली, ट्रेलर आमच्याच गाडीने ओढून नेला.

अजून एक राहिलं. पार्टच्या बिलात कोअर चार्ज असतो, जुनं मॉड्यूल परत दिल्यावर मिळणारी अनामत. रक्कम बरीच असते आणि मुदत असते. जुना तुकडा तेल निथळवून नव्याच्याच खोक्यात भरा, लेबलचा फोटो काढा, आणि नवं मॉड्यूल प्रोग्रॅम होऊन गाडी चालेपर्यंत तो परत पाठवू नका.