कोयतीचं म्यान: आरी बदलली, टाके सुधारले

काल म्यानाची धारेकडची बाजू शिवून झाली. पाठीकडची आधीच झाली होती, पण तिचे टाके कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. दोष हाताचा नव्हता, चामड्याला भोकं पाडायच्या आरीचा होता.

चामडं कोल्हापूरहून आणलेलं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, 3 मिमी जाड. पाठीला दोन थर. धारेला मध्ये एक पट्टी जास्त, नाहीतर कोयती पहिल्याच दिवशी दोरा कापते. म्हणजे तिथे 9 मिमीतून आरपार जायचं.

सुरुवात हुकाच्या आरीने केली. देवगडला चपला दुरुस्त करणाऱ्या काकांनी बघितल्याबरोबर सांगितलं, "ही चपलेची रे, तुझ्या कामाक नाय उपयोगाची." खरंच होतं. तो हुक दोरा ओढून आणायला असतो. दोन सुयांच्या शिलाईत (एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई घालायची) त्याचं काम नाही, उलट बाहेर येताना चामड्याचे तंतू उपसतो. मग गोल टोच्या घेतला. तो तंतू कापत नाही, नुसते बाजूला रेटतो. दोन थरांतच घाम फुटला.

शेवटी शंकरपाळीसारख्या छेदाचं पातं. ते बारीक चीर पाडतं, दोरा ओढला की चीर मिटते आणि टाका तिरका बसतो. फक्त प्रत्येक भोकाला पातं त्याच कोनात धरायला हवं. पण मी हावरटासारखं साडेतीन मिमी रुंद पातं आणलं. दोरा 0.8 मिमीचा! पाठीकडची भोकं अजून आ वासून बघतायत. आता अडीच मिमीचं बसवलंय. पातं निमुळतं असल्यामुळे जास्त खुपसलं की पुढच्या बाजूला भोक रुंदावतं, म्हणून खोलीच्या खुणेला त्यावर चिकटपट्टी गुंडाळलीय. मागे आधाराला जुन्या रबरी चपलेचा तळ.

नवं पातं बोथटच येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 1000 आणि मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासलं, शेवटी पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामड्याच्या तुकड्यावर. अर्धी संध्याकाळ गेली, पण नंतर 9 मिमीतून अंगठा न दुखता गेलं. (तर्जनीतूनही गेलं, ते सोडा.) दर पाच-सहा भोकांनी टोक मुठेलात (हाताने काढलेल्या घरगुती तेलात) खुपसतो. मेणापेक्षा मला ते बरं वाटतं, आणि आपल्या दमट हवेत पात्याला गंजही धरत नाही. जास्तीचं मात्र पुसायचं, नाहीतर चामड्यावर काळपट डाग पडतो. एक पडलाय.

कडा घासायच्या राहिल्यात. पाठीकडची शिलाई उसवावी का, ठरत नाही. दोरा निघेल, भोकं थोडीच बुजणार आहेत.