पाणी ओतू का?

रात्री साडेनऊला फोन आला. “तुमच्याकडून नेलेली ती काचेच्या ग्लासातली मेणबत्ती भडकलीय. एकाच्या तीन ज्योती झाल्यात. पाणी ओतू का?”

“पाणी अजिबात नको!” मी इतक्या जोरात ओरडले की घरातले सगळे बाहेर आले. उकळत्या मेणावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चौफेर उडतं. तापलेली काच तडकते ती वेगळीच. “ताई, ग्लासाला हात लावू नका. स्टीलची ताटली घ्या आणि बाजूने सरकवत तोंडावर झाका.”

ताटली काचेवर घासल्याचा आवाज आला. त्यानंतरची शांतता मला फार लांब वाटली. “विझली,” त्या म्हणाल्या. मी ताटली तासभर तशीच ठेवायला सांगितली. मेण तापलेलं असताना हवा मिळाली तर ते पुन्हा पेट घेऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी त्या तो ग्लास घेऊन आल्या. काच आतून काळीकुट्ट. वात चांगली दीड सेंटिमीटर वाढलेली, टोकाला काजळीचा गोळा. आणि तळाच्या मेणात रुतलेले काडेपेटीच्या काडीचे दोन जळके तुकडे! तिथेच मला तीन ज्योतींचं कोडं सुटलं. जळते ती मेणाची वाफ. वात फक्त वितळलेलं मेण वर ओढून देते. काडीचा तुकडा मेणात पडला की तोही तेच काम करतो.

तळाशी मेण जेमतेम पाव सेंटिमीटर उरलं होतं. खरं तर एक सेंटिमीटर उरलं की मेणबत्ती संपली असं धरायचं. त्याखाली गेलं की सगळी आच थेट काचेच्या बुडाला लागते. ही मेणबत्ती दुपारी तीनपासून जळत होती. सलग चार तासांच्या वर जाळायची नसते, हे मी बोलून दाखवलं.

“हे कुठे लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

मी ग्लास उलटा करून बुडाचं लेबल दाखवलं. दाखवता दाखवताच माझा हात थांबला. पेटती मेणबत्ती उलटी करून कोण वाचणार? अकरा वर्षं मी हेच लेबल तिथेच चिकटवत आले होते. मी त्यांची माफी मागितली.

तो सबंध दिवस लेबलं सोलण्यात गेला. आता सूचना ग्लासाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर असतात; ती सोडल्याशिवाय वात पेटवताच येत नाही. प्रत्येकाला मी समोर वात कापून दाखवते, पाच-सहा मिलिमीटर, दर वेळी पेटवण्याआधी. पडदे, कागद हातभर लांब ठेवा, खोलीतून उठताना विझवा, हेही तोंडी सांगते.

त्या ताईंनी जाताना दुसरी मेणबत्ती घेतली. पहिल्यांदा किती वेळ ठेवू, विचारलं. वरचं मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर, मी म्हटलं. लवकर विझवली तर मधेच खड्डा पडतो आणि कडेचं मेण तसंच राहतं. पिशवीत ठेवताना त्यांनी ग्लासाचं पत्र्याचं झाकण मागून घेतलं आणि तोंडावर नीट बसतं का, ते दोनदा लावून पाहिलं.