पायाची सूज आणि आठ आठवड्यांचा सराव: सहाव्या आठवड्यापर्यंतची नोंद

घोडी मारवाडी, सात वर्षांची, अंदाजे 350 किलो. चार महिने खुंट्यालाच. रोज सकाळी मागचे दोन्ही पाय घोट्यापासून वर भरलेले. हात लावला तर थंड, दुखत नाहीत. अंगठा दहा सेकंद दाबून धरला की खळगा राहतो. वीस-पंचवीस मिनिटं चालवलं की सूज उतरते. मागच्या पायात हॉकच्या, म्हणजे मधल्या कोनासारख्या सांध्याच्या, खाली स्नायू जवळजवळ नाहीत, नुसते कंडरे (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि हाडं. तिथला द्रव वर ढकलायचं काम टाप टेकण्या-उचलण्यातूनच होतं, उभ्या घोड्यात ते थांबतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतून रात्रभर गाडीत उभ्याने आलेल्या जनावराचे पाय सकाळी असेच दिसतात.

एकच पाय सुजला, गरम लागला, घोडा लंगडला किंवा ताप 38.5 सेल्सियसच्या वर गेला, तर हा मजकूर बाजूला ठेवून पशुवैद्यांना बोलवा. तो संसर्ग असू शकतो आणि तिथे एक दिवसही महाग पडतो. टापेला लागलेला खिळा, बारीक जखम आधी शोधा.

मोजमाप: घोट्याच्या वर 10 सेंटिमीटरवर केस कातरून खूण. पहाटे, तबेल्यातून काढण्याआधी, शिंप्याच्या टेपने घेर. पहिल्या दिवशी मागचा डावा 22.5 सेंटिमीटर, उजवा 22. चालल्यावर दोन्ही 20.

आठवडा 1-2: फक्त चाल, दिवसातून दोनदा 25 मिनिटं, कठीण सपाट रस्त्यावर. एकदा 50 मिनिटं करण्यापेक्षा दोनदा 25 बरं, कारण मधला उभा काळ कमी होतो. दुसऱ्या आठवड्याअखेर सकाळचा घेर 21. पट्ट्या मुद्दाम बांधल्या नाहीत. पट्टीने आकडा उतरतो खरा, पण घोडी सुधारली की पट्टी, ते कळत नाही. मालीशचं तेच: जळजळीत तेल लावलेल्या पायाची उष्णता हाताला फसवते. पट्टी बांधायचीच झाली तर खाली कापसाची जाड गादी, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा, ताण सगळीकडे सारखा, कडेतून एक बोट जायला हवं. एकाच जागी आवळली तर कंडऱ्याला कायमची इजा होऊ शकते.

आठवडा 3-5: चाल 40 मिनिटं, त्यात दोन-दोन मिनिटांची दुडकी, आधी तीनदा, मग सहादा. दुडकी मुरमाच्या मऊ वाटेवरच. डांबरावर सांधे मार खातात. काम थांबल्यावर दहा मिनिटांनी जबड्याखाली नाडी: तिसऱ्या आठवड्यात मिनिटाला 68 ठोके, पाचव्यात 56. 64 च्या आत येत नसेल तर पुढची वाढ नाही.

आठवडा 6 मध्ये घेर 20.2 वरून पुन्हा 21.8. कारण साधं: पावसामुळे दोन दिवस घोडी बांधून होती आणि खुराक मात्र पूर्ण. तिला सुका चारा 7 किलो, भिजवलेले हरभरे 1 किलो, जव 1 किलो, मीठ 30 ग्रॅम. सुट्टीच्या दिवशी हरभरे-जव निम्मे, चारा तेवढाच, असा नियम होता. तो पाळला गेला नाही. नुसती सूज आली हे नशीब. भरपूर दाण्यावर उभा राहिलेला घोडा एकदम कामाला लावला की पुठ्ठ्याचे स्नायू ताठरतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. ते प्रकरण फार वाईट. सुट्टीलाही हाताने धरून 15 मिनिटं दोनदा फिरवणं आता ठरलंय.

फसवणारी गोष्ट अशी, की छाती-फुफ्फुसं दोन महिन्यांत तयार होतात, कंडरे मात्र सहा महिने ते वर्ष घेतात. घोडी दम न लागता धावू मागते, पाय तयार नसतात. म्हणून चौखूर अजून नाही. पुढचे दोन आठवडे: दुडकी आठ वेळा तीन मिनिटं, आठवड्यातून एकदा हलका चढ. सकाळचा घेर 20.5 च्या वर गेला तर त्या दिवशी फक्त चाल.