हद्द कुणाची? भुईबावडा घाटातली एक रात्र

2024 च्या जुलैत माझा धाकटा भाऊ भुईबावडा घाटात एक रात्र बेपत्ता होता. तो सापडला, आता व्यवस्थित चालतोय. तरी लिहिताना हात थरथरतो, कारण त्याला घाटात शोधायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ आमचा एका टेबलासमोर गेला.

रविवारी दुपारी दोनला तो बाईकवरून कोल्हापुरातून कोकणातल्या खारेपाटणच्या मित्राकडे निघाला. करूळ घाट तेव्हा रस्त्याच्या कामासाठी बंद, म्हणून गगनबावड्यातून भुईबावडा घाटाने उतरणार होता. सात वाजता मित्राचा फोन आला, अजून पोचला नाही म्हणून. मोबाईल बंद लागत होता. आठ वाजता मी आणि माझे मिस्टर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात होतो.

"जाणता माणूस हाय ताई, कुठंतरी पावसाला थांबला असंल. चोवीस तास वाट बघा." टेबलावरच्या हवालदारांचं पहिलं उत्तर हे. चोवीस तासांचा असा कुठलाही नियम नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री माहीत असतं तर तिथंच भांडले असते. दुसरं उत्तर, "हरवलाय घाटात, म्हणजे हद्द आमची न्हाई." घाटाकडच्या ठाण्याला फोन लावला तर ते म्हणाले, राहणार कोल्हापूरचा, नोंद तिकडंच द्या. वर घाटाचा माथा कोल्हापूर जिल्ह्यात आणि पायथा सिंधुदुर्गात, त्यामुळं तिसरीकडंही एक फोन झाला. माणूस एक आणि हद्दी तीन! बाहेर पाऊस असा कोसळत होता की ठाण्याच्या पत्र्याखाली उभं राहून बोललेलं फोनवर ऐकू जात नव्हतं.

मी झिरो एफआयआर, झिरो एफआयआर म्हणत राहिले, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा. ही माझी चूक होती आणि तिच्यात अर्धा तास गेला. मोठं माणूस बेपत्ता झालं तर आधी गुन्हा दाखल होत नाही, मिसिंगची नोंद होते. तीच मागायची. लहान मूल असेल तर मात्र अपहरणाचा गुन्हाच नोंदवायचा असतो.

साडेदहाला ते नोंदीला तयार झाले, तर आधारकार्डाची झेरॉक्स आणि फोटो हवा म्हणाले. त्या वेळी झेरॉक्सचं दुकान कुठं उघडं असणार? मिस्टरांनी ओळखीच्या एका दुकानदाराला झोपेतून उठवलं. मग फॉर्म पुढं आला. उंची, बांधा, रंग, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण. कपड्यांपाशी मी अडकले. सख्खा भाऊ, सकाळी माझ्याच हातचे पोहे खाऊन गेलेला, आणि अंगावर काय होतं ते मला सांगता येईना. आईला फोन केला. तिनं एका दमात सांगितलं, "निळा रेनकोट, आत राखाडी टीशर्ट, पायात काळं सँडल. आणि उजव्या भुवईवर खूण हाय, सायकलवरनं पडला होता तवाची." तोवर आईला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

एवढं होऊनही साहेब येईपर्यंत सही नाही. एक वाजला. नोंद नाही तर टॉवर लोकेशन नाही, कारण मोबाईल कंपनी ते घरच्यांना देत नाही, पोलिसांनाच देते. शेवटी ठाण्याच्या पायरीवर बसून मी 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला. भाऊ बेपत्ता आहे असं न म्हणता, "दरडीच्या घाटात माणूस अडकलाय, जिवाला धोका आहे, नोंद घेत नाहीत" असं म्हणाले. अर्ध्या तासात आतल्या टेबलावरचा फोन वाजला आणि नोंद झाली. हा फोन मी आठ वाजताच करायला हवा होता. तुमच्यावर वेळ आली तर तासभर वाट बघू नका, आणि नोंदीचा नंबर व वेळ तिथंच लिहून घ्या.

साडेतीनला लोकेशन आलं. शेवटचा सिग्नल संध्याकाळी पाच दहाचा, टॉवर घाटाखालचा, कोकणातला. टॉवर म्हणजे नेमकी जागा नव्हे, काही किलोमीटरचा पट्टा. पण त्यानं फार मोठी गोष्ट कळली. घाटाच्या अलीकडं, गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावर पाणी येतं, तिथं वाहून गेला असेल या भीतीनं चुलते नदीकाठ धुंडाळत होते. खालचा टॉवर पकडला म्हणजे तो माथा ओलांडून घाटात उतरला होता. (घाटात शिरण्याआधी घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवायला दहा सेकंद लागतात. आमच्याकडं आता हा नियम आहे.)

आम्ही घाटापाशी पोचलो, पण रात्री आत शिरायला गावकऱ्यांनी मनाई केली आणि ते बरोबर होतं. काळ्या कातळावरची तांबडी माती पाणी पिऊन जड झाली की अख्खीच्या अख्खी घसरते. सहा वाजता घाटाखालच्या भुईबावडा गावची सात पोरं कोयता, दोरखंड घेऊन आली. एक जण फक्त वर बघत उभा राहिला, गळ्यात शिट्टी. "बारकी खडी गळाय लागली की मी वाजवणार, तवा इचार न करता मागं पळायचं." दोनदा वाजली. दोन्ही वेळा सगळे पळालो. तीन वळणं अशी पायाखाली घातली, वळणावळणाला थांबून दरीत डोकावत.

हाक मारायची आणि मग मिनिटभर सगळ्यांनी चिडीचूप व्हायचं, अशी त्यांची पद्धत. मी सारखी ओरडत होते, तर एकानं माझा हात धरून गप्प केलं. चौथ्या वळणाखाली आवाज आला, टक्, टक्, टक्. धबधब्यांच्या आवाजात माणसाचा आवाज वर पोचत नव्हता. तो हेल्मेट दगडावर आपटत होता. पुढं दरड बघून ब्रेक मारला, गाडी घसरली, चाळीसेक फूट खाली कारवीच्या झुडपांत अडकला. डाव्या पायाची नडगी मोडली होती, अंग बर्फासारखं. घोंगडं आणि दोन बांबूंची डोली करून वर आणला तेव्हा साडेआठ वाजले होते. पहिलं वाक्य, "आक्का, आईला सांगितलंस व्हय?"

108 ची गाडी खाली उभीच होती. पुढचं सगळं सरळ झालं.

एक राहिलंच. माणूस मिळाला तरी नोंद आपोआप बंद होत नाही, ठाण्यात जाऊन कळवावं लागतं. तीन आठवड्यांनी प्लास्टरमधल्या भावाला घेऊन मी त्याच टेबलासमोर बसले. त्या हवालदारांनी रजिस्टर उघडलं, त्याच्या भुवईकडं नीट बघितलं, आणि लिहिलं, "मिळून आला." त्या पानाचा फोटो काढू का विचारलं तर ते काढा म्हणाले.