स्पिरिट लेक: 'शिल्लक' जमिनीचा हिशेब

रविवार, रात्र

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या स्पिरिट लेक या राखीव क्षेत्रात नॉर्वेजियन शेतकरी कसे वसले, हे कळायला आधी एकरांचा हिशेब मांडावा लागतो. 1867च्या तहाने ही जमीन डकोटा या मूळ रहिवासी जमातीसाठी राखून ठेवली. पुढे 1887च्या डॉझ कायद्याने वाटप ठरलं: कुटुंबप्रमुखाला 160 एकर, अठरा वर्षांवरच्या एकट्या माणसाला 80, लहान मुलाला 40. वाटून राहिली तिला 'शिल्लक' म्हटलं. हा शब्द मला फार खुपतो. डकोटांना नको होती म्हणून ती जमीन उरली नव्हती. माणशी किती, हे ठरवणाऱ्यांनी ती उरवली.

1901मध्ये डकोटांशी झालेल्या करारात या शिलकीपोटी सरकार एकरकमी पैसे देणार होतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो करार तसा मंजूर केला नाही. 1903मध्ये लोन वुल्फ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काँग्रेसला मूळ रहिवाशांशी केलेले तह एकतर्फी मोडता येतात. मग 1904च्या कायद्यात खरेदीची जबाबदारीच सरकारने झटकली: वसाहतकरी हप्ते भरतील तसे जमातीला पैसे मिळणार. दर एकरी साडेचार डॉलर. दीड डॉलर नोंदणीच्या वेळी, बाकी दरसाल अर्धा अर्धा. 160 एकरांचे 720 डॉलर झाले, पण ताबा मिळायला 240 पुरत. जमीन लगेच गेली, मोल मात्र वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने यायचं. साधारण 1 लाख एकर अशी खुली झाली.

घेणाऱ्यांत नॉर्वेजियन पुष्कळ होते. त्यांच्या देशात लागवडीजोगी जमीन जेमतेम तीन टक्के; शेत बहुधा थोरल्याकडे जाई, धाकट्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेतावर कुळासारखं राबणं येई. इथे नागरिकत्वाचा इरादा जाहीर केला की नोंदणी करता येई. अविवाहित बाईलाही स्वतःच्या नावावर जमीन मिळे. त्यांची भूक खरी होती, आणि ती भागली ती दुसऱ्याच्या ताटातून.

वाटणीतली जमीन तरी डकोटांकडे टिकली का? ती 25 वर्षं सरकारच्या विश्वस्तीत असे. मालक वारला की वारसांचे हिस्से पडत, पण जमिनीवर बांध पडत नसे. सातबाऱ्यावर नावं वाढत जावीत आणि कसणारा एकही नसावा, तशी गत. मग एजन्सीमार्फत, म्हणजे राखीव क्षेत्राचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेरीमार्फत, ती खंडाने द्यायची, आणि खंडाने घेणारा बऱ्याचदा शेजारचा नॉर्वेजियनच. 1906च्या दुरुस्तीने 'सक्षम' ठरवलेल्यांना मुदतीआधीच पूर्ण मालकी देता येऊ लागली. पूर्ण मालकीबरोबर काउंटीचा (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाचा) कर आला. कर थकला की लिलाव.

1929पर्यंत या राखीव क्षेत्रात स्कँडिनेव्हियन (नॉर्वेजियन धरून) लोकांच्या नावावर डकोटांपेक्षा जास्त एकर होते. 1934च्या कायद्याने नवं वाटप थांबलं. एकदा वसाहतकऱ्यांच्या नावावर चढलेले एकर त्याने परत फिरले नाहीत.