पूर्वीचं बरं होतं का, काकू?

आमच्याकडे राहायला येणारी माणसं रात्रीची जेवणं झाली की पडवीत बसतात, आणि कुणीतरी एकजण विचारतंच, "काकू, पूर्वीचं बरं होतं ना?" मे महिन्यात पुतणे-भाचे येतात, तेही विचारतात. मुलाच्या मित्रांनी विचारून झालं आहे. गुहागर तालुक्यात समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगराच्या कुशीत आमचं घर आहे, त्यातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. विचारणाऱ्याच्या आवाजात एवढी माया असते की "हो बाबा, होतं" म्हणावंसं वाटतं. पण तुम्ही मनापासून विचारलंत, तर मीही मनापासूनच सांगते.

नाही. पूर्वीचं बरं नव्हतं. निदान या घरातल्या बाईला तरी नव्हतं.

मी लग्न होऊन इथे आले १९७४ साली. घर वर आणि विहीर खाली आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, मध्ये जांभ्याच्या पायऱ्या. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. पडलेला पाऊस बघता बघता समुद्राला मिळतो आणि एप्रिल लागला की सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळावरच्या, वाड्यांना पाणी नसतं. आमची विहीर आटत नसे, तेवढं नशीब. तरी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी आणि पोटात मूल, अशी मी त्या पायऱ्या चढले आहे. सासूबाई चढल्या, त्यांच्या सासूबाई चढल्या. पहिल्यांदा पंप बसला तेव्हा सासूबाई टाकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाणी पडताना बघत म्हणाल्या, "हे मला पंचविसाव्या वर्षी मिळायला हवं होतं." त्यांच्या मानेची नस त्या आधीच धरली होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

त्यांना सात मुलं झाली, त्यांतली चार जगली. श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पुजताना घरात नसलेल्या मुलांसाठी चारी दिशांना अक्षता टाकतात. सासूबाई मुंबईतल्या मुलांसाठी टाकायच्या, आणि मग थांबून आणखी तीनदा टाकायच्या. कुठल्या दिशेला टाकायच्या ते त्यांचं ठरलेलं नसे. मी एकदाही विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. आज माझ्या नातीचं जुनं लसीकरणाचं कार्ड बघते तेव्हा मला त्या तीन वेळच्या अक्षता आठवतात. जुन्या काळाविषयी कुणी गोड बोलायला लागलं की पहिलं हेच मनात येतं.

आणि घरातले पुरुष? ते इथे नसतच. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा पेपरात आला तेव्हा लोकांनी मुलींच्या जन्माचं कौतुक केलं. ते असेलही, पण त्या आकड्यात मला मुंबईची वाट दिसते. आमचे हे परळच्या गिरणीत होते. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, पाळीपाळीने झोपायचे, आणि गणपतीला, शिमग्याला यायचे. मनीऑर्डरीच्या फॉर्मवरच्या चार ओळींत संसार चालायचा. मोठा मुलगा झाला ते त्यांना पत्राने कळलं, आणि त्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पालथा पडायला लागला होता. मूल नव्या माणसाला बघून रडलं. बाप होता तो त्याचा.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांनी पुकारलेला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्यात. तो संपल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही. हे पावसाच्या तोंडावर ट्रंक घेऊन गावी आले, "दोनेक महिने" म्हणून, आणि मग इथेच राहिले. नवरा घरी आला म्हणून मला आनंद झाला होता आणि मनीऑर्डर थांबली म्हणून धास्तीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी. एरवी हे मी कुणाला सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

मग तुम्हाला ते दिवस इतके गोड का आठवतात, याचा मी विचार केला आहे. तुम्ही मे महिन्यात येत होता. पाठीवर दप्तर नाही, वर करवंदं, खाली समुद्र, माजघरात आंब्यांची अढी आणि घरभर भावंडं. ते सगळं खरं होतं, तुमच्याइतकंच मलाही प्रिय आहे. फक्त त्या महिन्यात आमची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी चालू असायची. लाकडं भरायची, मिरच्या-मसाले वाळवायचे, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायची आणि पुन्हा बुडवायची, असं आमसुलं काळी पडेपर्यंत. त्यात वीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर. तुम्ही दुपारी झोपत होता तेव्हा आम्ही खळ्यात साटं उलटत होतो. तुमचं बालपण छान गेलं याचा मला अभिमान आहे. पण तुमचं बालपण आणि पूर्वीचा काळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता दुसरी बाजू सांगते, कारण तीही तितकीच खरी आहे. पूर्वीचा काळ बरा नव्हता, पण त्या काळातलं म्हातारपण आताच्यापेक्षा बरं होतं.

औषधपाण्याच्या बाबतीत म्हणत नाही मी. मोतीबिंदूने आंधळी झालेली माणसं तशीच मरत होती. मी म्हणते ते कामाविषयी. सासूबाईंचं अंग थकलं तसं त्यांचं काम बदलत गेलं, पण संपलं नाही. शिंपणं सुटलं तेव्हा त्या सुपारी सोलायला बसल्या. सुपारी सोलवेना तेव्हा झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधायला लागल्या. शेवटी हातही चालेनात, तेव्हा पडवीत बसून नुसतं सांगायच्या, आणि त्यांनी सांगितल्यावाचून घरातलं काही हलत नसे. कुठल्या माडाचा नारळ रोपासाठी ठेवायचा, कुणाच्या घरात कुणाची मुलगी दिली होती, बाळंतिणीला काय द्यायचं. शेजारपाजारची माणसं त्यांना येऊन विचारायची ती उपकार म्हणून नाही. त्यांना अडायचं म्हणून विचारायची.

समुद्राचंच घ्या. आमच्याकडे घड्याळ कमी आणि तिथी जास्त. कुणी विचारलं की भरती कधी, तर सासूबाई तिथी धरायच्या आणि तिची पाऊणपट करायच्या. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही, म्हणून त्या दिवसांत शिंपल्यांना जायचं नाही. कागद-पेन्सिल न धरलेली बाई हे हिशेब चालता चालता करायची. त्या हिशेबावर माणसं होड्या काढत होती.

आता पर्यटक येतात, खिशातून फोन काढतात आणि मिनिटापर्यंत वेळ सांगतात. फोन बरोबर असतो. आमच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची ओढाताण होतेच. मग मला कशाला कोण विचारेल? विचारण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच झालं. कुणी अपमान केला नाही, कुणी वाईट वागलं नाही. पण ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही असं माणूस घरात बसून राहिलं की ते फार लवकर म्हातारं होतं. आमच्या वाडीत मी हे होताना पाहिलं आहे. गुडघे ठीक, डोळे ठीक, मुलांचे पैसे वेळेवर, आणि तरी माणूस दुपारी तीनला अंथरूण घालतं.

म्हणून २०२० चा पावसाळा मी विसरणार नाही. टाळेबंदी लागली, मुंबई-पुण्याची माणसं गावी आली, शाळेत विलगीकरणात राहून घरी गेली, आणि वर्षानुवर्षं फक्त गणपतीला उघडणारी दारं आषाढातही उघडी राहिली. दिवस भीतीचे होते. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली तालुक्यात माझ्या माहेरच्या आगरातल्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या, महिनाभर तिकडे वीज नव्हती. ते दुःख आहेच. पण इकडे ओसाड पडलेल्या खाचरांत त्या वर्षी भात लावायचं पोरांनी मनावर घेतलं, आणि एकालाही लावणी येत नव्हती. मग दुपारी अंथरूण घालणारी माणसं बांधावर येऊन उभी राहिली. "इतकी रोपं एका ठिकाणी नको रे," "पाणी बांध आधी," "नांगराला घाई करू नको." शेजारचे एक आजोबा, ज्यांना आम्ही गेली दोन-तीन वर्षं पडवीच्या खाली उतरताना पाहिलं नव्हतं, ते काठी टेकत खाचरापर्यंत गेले. कुणी त्यांना समजावलं नव्हतं, कुठलं औषध बदललं नव्हतं. त्यांच्यावाचून अडलं होतं. दसऱ्यानंतर मुंबई सुरू झाली, पोरं गेली, आणि पुढच्या वर्षी निम्मी खाचरं पुन्हा पडीक राहिली. पोरांना मी दोष देत नाही. दोन मण भातावर त्यांचे हप्ते फिटणार नाहीत.

आजची मुलं विचारत नाहीत, ही तक्रार माझी नाही. ती मला पटतही नाही. माझा मुलगा पुण्याहून रोज रात्री फोन करतो, सून गोळ्या घेतल्या का विचारते. ह्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत लिहिलं त्याहून जास्त माझी सून मला एका महिन्यात बोलते. तब्येतीची विचारपूस आम्हाला पोटभर मिळते. आम्हाला जे येतं त्याविषयी कुणी विचारत नाही, इतकंच माझं म्हणणं.

नात मात्र विचारते. बारावीला आहे. गेल्या मे महिन्यात तिने मला भरतीवरून पकडलं. "आजी, पाऊणपटच का? अर्धी का नाही?" मला माहीत नव्हतं. सासूबाईंनाही माहीत नसावं. ती वही घेऊन बसली आणि तिने मला समजावलं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरती चंद्राबरोबर चालते, म्हणून तीही रोज तेवढीच पुढे सरकते, आणि पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. इतकी वर्षं मी तो हिशेब करत आले, त्यामागे चंद्र आहे हे मला माझ्या नातीने सांगितलं. मी तिला उधाण आणि भांग सांगितलं, तिने मला पन्नास मिनिटं सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथी काढून, फोन घरी ठेवून शिंपल्यांना गेलो. पाणी जिथे असायला हवं होतं तिथेच होतं.

एक गोष्ट तर तरुणांची आमच्यापेक्षा निःसंशय बरी आहे. किनाऱ्यावर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. आमच्या वेळी वाळूतला माग बघून अंडी उकरायची आणि घरी आणायची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आता त्याच घरांतली पोरं पहाटे किनारा फिरतात, अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात, पन्नासेक दिवस राखण करतात आणि पिल्लं पाण्यात सोडतात. २०२३ साली गुहागरच्या किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ती कुठे पोचली हे नात मला फोनवर सांगायची. माझा जन्म या किनाऱ्यावर गेला, पण कासव इथून कुठे जातं हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता.

पूर्वीचं बरं होतं का विचारून झालं की लोक दुसरा प्रश्न विचारतात, की मग मुलाकडे पुण्याला का जात नाही? जाणार आहे. ज्या दिवशी त्या पायऱ्या उतरता येणार नाहीत त्या दिवशी जाईन, हे मुलगा, सून आणि मी मिळून ठरवलं आहे. सुनेने खोलीची गोष्ट काढली तेव्हा मी तिला म्हटलं, "खोली असू दे गं, मला तिथे काम काय असेल ते आधी सांग." ती हसली नाही, बसून विचार करायला लागली. ती बँकेत आहे, संध्याकाळी सातला घरी येते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, घरातलं किराण्याचं आणि गॅसचं सगळं तुमच्याकडे, आणि सोसायटीत दोघीतिघी आहेत, त्यांना आमसुलं घरी करायची आहेत." मी तिला म्हटलं, पुण्यात ताजे रातांबे मिळत नाहीत, फोडून मीठ लावलेली सालं इथून पाठवावी लागतील, तर ती सोय आत्तापासून बघ. सध्या आमचं बोलणं तिथपर्यंत आलं आहे.